चार्लीशिवायचे रोलिंग स्टोन्स : हाइड पार्क, ३ जुलै २०२२

तिकीट काढल्याचं मामाला कळवलं, तेव्हा त्याने अभिनंदन वगैरे काही केलं नाही. त्याने विचारलं, "ठेका कोण धरणार?"

प्रश्न बरोबर होता. चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ ला गेला, ऐंशी वर्षांचा होऊन. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडच्या ड्रमवर जानेवारी १९६३ पासून तोच बसत होता. लोक गायक मिक जॅगरला बघायला जातात. आमच्या घरात क्रम वेगळा होता: आधी चार्लीचा ठेका, त्यावर कीथ रिचर्ड्सची गिटार, आणि मग बाकी सगळं.

मामा डोंबिवलीचा. फोर्टात बँकेत नोकरी, जेवणाच्या सुट्टीत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसची फेरी, आणि पगार झाला की एक कॅसेट. मी नववीत असताना आईने मला तबल्याच्या क्लासला घातलं आणि त्याच वर्षी मामाने स्टोन्स ऐकवले. क्लासमध्ये तीनताल चालू होता आणि घरी मामा टेपरेकॉर्डर थांबवून विचारायचा, "सांग, आता त्याने काय सोडलं?" काय वाजवलं हे तो कधीच विचारायचा नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू ड्रमच्या बाजूने लिहिलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

स्टोन्सना मी पहिल्यांदा पाहिलं ते ७ एप्रिल २००३ ला, मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. मी एकवीस वर्षांची होते. तिकिटं मामाने काढली आणि ती कितीला पडली हे मामीला आजवर कळलेलं नाही. तिकडे इराकचं युद्ध चालू होतं, सार्सच्या साथीमुळे याच दौऱ्यातले हाँगकाँग आणि चीनचे कार्यक्रम बारगळले होते, आणि आम्ही दोघं सीएसटीला उतरून फॅशन स्ट्रीटवरून चर्चगेटकडे चालत निघालो होतो. एप्रिलचा घामट उकाडा. मामाच्या खांद्याला क्रिकेटची दुर्बीण. ब्रेबॉर्नवर १९७३ साली इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली, ती त्याने याच दुर्बिणीतून पाहिली होती. चार्लीलाही क्रिकेटचं वेड होतं. "त्या माणसाला नक्की ठाऊक असणार आपण कुठे बसून वाजवतोय ते," असं मामा त्या रात्री तीनदा म्हणाला.

मध्येच कधीतरी त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "चेहरा नको बघू. उजवा हात बघ."

मी पाहिला. इतर बँडांमध्ये ड्रमरच्या भोवती डझनभर ढोल आणि झांजांचं जंगल असतं. चार्लीपुढे मोजून चार ढोल. १९५७ चा जुना ग्रेच कंपनीचा सेट. डाव्या हातातली काठी जॅझवाले धरतात तशी, आडवी, बोटांत अडकवलेली. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या त्या जोडझांजेवर, सारखा चालू. चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ढोलावर, पडतो. बहुतेक ड्रमर त्या क्षणी दोन्ही हात एकदम मारतात. चार्लीचा उजवा हात नेमका तेव्हा वर उचललेला असायचा. स्नेअर एकटा वाजायचा. त्याच्यावर झांजेची सावलीसुद्धा नाही. पुढच्या क्षणी हात पुन्हा खाली, जणू कुणी दारातून गेलं आणि याने बाजूला होऊन वाट दिली.

तबला शिकलेल्यांना हे लगेच कळेल. तीनतालात खाली येते तेव्हा डग्ग्याची घुमक काढून घेतो, धा चा ता होतो, आणि त्या रिकाम्या जागेमुळेच पुढची भरी अंगावर येते. चार्ली ही रिकामी जागा दर दुसऱ्या मात्रेला ठेवत होता. अख्खं गाणंभर मी दुर्बीण खाली केली नाही. हात भरून आला. परतताना शेवटच्या कर्जत गाडीत मामा दाराशी उभा राहून बोटांनी दांड्यावर तेच वाजवत होता.

एकोणीस वर्षांनी आता लंडनचं हाइड पार्क. मी हाउन्स्लोला राहते, त्यामुळे जायला सोपं होतं, पण थेट पार्कात जायचं नाही असं ठरवलं होतं. आधी गेले ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, १६५ नंबरला. तिथे तेव्हा मार्की क्लब होता आणि १२ जुलै १९६२ ला स्टोन्सनी आपला पहिला कार्यक्रम तिथे केला. तेव्हा चार्ली बँडमध्ये नव्हता. आज तिथे जुनं काही उरलेलं नाही, फक्त रस्ता तोच आहे. तिथून सरळ पश्चिमेला चालत राहिलं की मार्बल आर्च, आणि त्याच्या मागे पार्क. पंचवीसेक मिनिटांची चाल. त्या माणसांना या एवढ्या अंतरासाठी साठ वर्षं लागली, नऊ दिवस कमी. या दौऱ्याचं नावच सिक्स्टी आहे.

रांगेत बरेच देशी चेहरे होते आणि निम्म्यांच्या फोनवर एजबॅस्टनच्या भारत-इंग्लंड कसोटीचा स्कोअर. तिसऱ्या दिवशी बेअरस्टोने १०६ केले होते, तरी पहिल्या डावातली १३२ ची आघाडी आपल्याकडे होती आणि पुजारा उभा होता. माझ्या पुढे एक सत्तरीपार इंग्लिश बाई होत्या. त्यांनी माझ्या फोनकडे बघून विचारलं, "पंत आउट झाला का?" मग गप्पा सुरू झाल्या. त्या १९६९ च्या ५ जुलैला याच पार्कात होत्या, त्या फुकट कार्यक्रमाला. बँडचा जुना गिटारवादक ब्रायन जोन्स दोनच दिवस आधी, ३ जुलैला गेला होता. जॅगरने शेलीची कविता वाचली आणि खोक्यांतून पांढरी फुलपाखरं सोडली. त्या म्हणाल्या, "त्यातली कितीतरी खोक्यातच मेली होती. ती स्टेजवर पडली, ते मला अजून दिसतं." मग त्यांनी तारखेची आठवण करून दिली. आजही ३ जुलै होता.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा लख्ख उजेड होता. जुलैत लंडनला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे पहिला बराच भाग उन्हातच होतो आणि दिव्यांची मजा उशिरा येते. बँड यायच्या आधी मोठ्या पडद्यांवर चार्ली आला. काळी-पांढरी तरुण छायाचित्रं, मग चाळिशीतला, मग सुटाबुटातला पांढऱ्या केसांचा, आणि मागे फक्त ड्रमचा आवाज. पासष्ट हजारांच्या आसपास माणसं मावतात तिथे, आणि ती सगळी आरडाओरडा न करता उभी होती. माझ्या शेजारच्या दाढीवाल्या माणसाने टोपी काढून छातीशी धरली.

मग ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन.

याची निवड चार्लीनेच केली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये तब्येतीमुळे दौऱ्याला येता येणार नाही हे जाहीर करताना त्याने सांगितलं होतं की माझ्या जागी मित्र स्टीव्ह वाजवेल. काही आठवड्यांतच तो गेला. जॉर्डन तेव्हा पासष्टीचा होता, १९८८ पासून कीथच्या स्वतःच्या बँडमध्ये वाजवत आलाय. हे महत्त्वाचं आहे. बाकी बँड ड्रमरच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये कीथची गिटार पुढे असते आणि ड्रम तिच्या किंचित मागून येतो. आपल्याकडे गायकाच्या मागे तबलजी असतो ना, तसं. गायक मात्रा ओढतो, तबलजी धीर धरतो. हे ज्याला ठाऊक नाही असा कितीही तयारीचा ड्रमर इथे बसवला, तर सगळं घड्याळासारखं बरोबर येईल आणि स्टोन्स ऐकू येणार नाहीत.

जॉर्डनचा हात चार्लीपेक्षा वजनदार आहे. त्याचा स्नेअर छातीवर येतो. पहिली दोनतीन गाणी मला खटकलं, खोटं कशाला बोलू. चार्लीचं वादन कोरडं, मोजकं, लाकडी होतं. हे जास्त भरलेलं आहे. मग हाँकी टाँक विमेन आलं. या गाण्याची सुरुवात काउबेलने होते, गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखा तो टण् टण्. त्यात ड्रम येतो तो असा तिरका की सम कुठे आहे हे क्षणभर कळत नाही, आणि मग गिटार पडली की पायाखाली जमीन येते. तिथे जॉर्डन थांबला. घाई केली नाही. गिटारला आधी पडू दिलं आणि मग स्वतः पडला. माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर मी तुलना करणं सोडून दिलं आणि ऐकायला लागले.

आता कीथच्या गिटारबद्दल, कारण मराठी वाचकाला हे हार्मोनियम घेऊन घरी तपासता येईल. या गाण्यात आणि त्यांच्या कितीतरी प्रसिद्ध गाण्यांत तो गिटारची सर्वात जाड, सहावी तार काढूनच टाकतो. उरलेल्या पाच तारा खालून वर अशा लावतो: जी, डी, जी, बी, डी. पांढरी पाचचा सा धरा. झालं सा, प, सा, ग, प. म्हणजे एकही बोट न लावता गिटार छेडली तरी तानपुऱ्यासारखा भरलेला षड्ज-पंचम, आणि मध्ये शुद्ध गंधार. म्हणून ती गिटार कानाला परकी वाटत नाही. मामाने हे मला १९९७ मध्ये वहीत लिहून दाखवलं होतं आणि माझा विश्वास बसला नव्हता. कीथची बोटं आता गाठाळलेली आहेत, पडद्यावर सांधे स्पष्ट दिसतात. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची बोटं. तो आता पूर्वीपेक्षा कमी सूर वाजवतो. पण जे वाजवतो ते जागेवर असतं. मधली दोन गाणी तो स्वतः गातो, तेव्हा लोक बिअर आणायला जातात. मी जागची हलले नाही.

मिक जॅगरबद्दल सगळे लिहितातच. तीन आठवड्यांनी एकोणऐंशीचा होणार होता. २०१९ मध्ये हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेली. याच जूनमध्ये कोविड झाला म्हणून ॲमस्टरडॅमचा कार्यक्रम अगदी ऐनवेळी रद्द केला होता. आणि हा माणूस गर्दीत घुसलेल्या त्या लांब रॅम्पवर पळत होता, पळताना गात होता आणि दम लागल्याचं कुठे ऐकू येत नव्हतं. मला सगळ्यात आवडला तो त्याचा माउथ ऑर्गन. मिडनाइट रॅम्बलरमध्ये लय हळूहळू खाली उतरवत नेऊन पुन्हा चढवतात, तिथे तो आणि जॉर्डन समोरासमोर होते. अगदी सवाल-जवाब.

पेंट इट ब्लॅकला दुसरा गिटारवादक रॉनी वुड याने इलेक्ट्रिक सतार घेतली. १९६६ च्या मूळ गाण्यात सतार वाजवली होती ती ब्रायन जोन्सने. रांगेतल्या त्या बाई कुठे होत्या कोण जाणे, पण मला त्यांची आठवण झाली. गिमी शेल्टरला पडद्यावर युक्रेनमधल्या उद्ध्वस्त इमारती होत्या. हे गाणं १९६९ चं, युद्धाच्या सावलीतलं, आणि त्यातला बाईचा आवाज इतका वर जातो की तो गाणं राहत नाही, हाक होतो. त्या चित्रांवर काही भाष्य केलं नाही, ते बरं झालं. २००३ मध्येही बाहेर युद्धच होतं.

ब्राउन शुगर वाजवलं नाही. २०२१ पासून त्यांनी ते कार्यक्रमातून काढलंय, त्यात गुलाम बायकांवरच्या अत्याचाराचं जे चित्र आहे त्यामुळे. चाल मला फार प्रिय आहे, पण मला त्याची उणीव भासली नाही.

तक्रार एक आहे आणि ती मनापासून आहे. कॅमेरे सतत जॅगरच्या चेहऱ्यावर. ड्रमरच्या हातांवर अख्ख्या संध्याकाळी एकदाही कॅमेरा चार मात्रा सलग थांबला नाही. मी दुर्बीण नेली होती, तीच, मामाने मला लंडनला येताना दिलेली. पण मी उभी होते तिथून ड्रमचा सेट अर्धा झाकलेला होता.

आणि अंतराचाही प्रश्न असतो, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून शंभर मीटरवर असाल तर डोळ्यांना दिसणारा हात आणि कानाला लागणारा ठोका यांत सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचं अंतर पडतं. मध्यम लयीत ते अर्ध्या मात्रेहून जास्त होतं. म्हणजे लांबून हात बघून तालाचा अंदाज घेतलात तर सगळेच बेताल वाटतील. मोठ्या मैदानांत मधल्या खांबांवरही स्पीकर असतात, त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढून येणारा आणि खांबावरचा एकत्र पोचतो. मी आधी अशा खांबाच्या मागे, बाजूला उभी राहिले. तिथे बास नुसता गुरगुरत होता. चौथ्या गाण्याला खांबाच्या पुढे, मधल्या रेषेवर सरकले आणि प्रत्येक वाद्य सुटं झालं. स्टेजच्या अगदी पुढच्या महागड्या कुंपणात जायची गरज नाही. मधली रेषा धरा.

तिकिटाचं म्हणाल तर थेट अधिकृत विक्रीतूनच घ्या. मी आधी एका पुनर्विक्रीच्या वेबसाइटवर पैसे भरले होते, ते तिकीट आलंच नाही आणि पैसे परत मिळवायला पाच ईमेल लागले. कानात घालायला साधे स्पंजाचे बोळे नेऊ नका, त्यांनी झांजांचा आवाज मरतो. वादकांसाठी मिळतात ते गाळणीचे घ्या. पावसाचा कोट असू द्या, छत्री नको. साडेदहाला आवाज बंद म्हणजे बंद. २०१२ मध्ये याच पार्कात स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गात असताना वेळ उलटली म्हणून आवाज तोडला होता. शेवटचं सॅटिस्फॅक्शन संपलं की मार्बल आर्चला सगळा लोंढा जातो. मी पार्काच्या कडेने हाइड पार्क कॉर्नरपर्यंत चालत आले आणि ट्यूबमध्ये बसायला जागा मिळाली.

जावं का? माझं उत्तर ठाम हो आहे. लोक म्हणतात, आता त्यांना बघण्यात काय अर्थ, म्हातारे झाले, अर्धे गेले, घरी बसून जुनी रेकॉर्ड ऐका. रेकॉर्ड मी रोज ऐकते. रेकॉर्डवर प्रत्येक वेळी तोच ठोका त्याच जागी पडतो. तिथे समोर कीथने एकदा सुरुवात अर्धी मात्रा आधी घेतली, जॉर्डनने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि दोन आवर्तनांत सगळा बँड त्याच्या मागे येऊन बसला. साठ वर्षं एकत्र वाजवलेली माणसं एकमेकांना कशी सांभाळतात, हे फक्त तिथे उभं राहूनच दिसतं. आणि चार्लीची जागा त्यांनी भरून काढल्यासारखी दाखवली नाही. आधी ती सगळ्यांना दाखवली, मग तिच्या शेजारून वाजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामाला फोन केला. डोंबिवलीत साडेअकरा. मागे कुकरच्या शिट्ट्या.

"हात उचलत होता का?"

"दिसलंच नाही रे. कॅमेरा थांबतच नव्हता."

"हं. कानाला काय वाटलं?"

मी हाँकी टाँकची चाळीसेक सेकंदं फोनवर रेकॉर्ड केली होती. बाकी सगळा वेळ फोन खिशात होता. ती त्याला ऐकवली. काउबेल, तिरका ड्रम, मग गिटार. तिकडे काहीच आवाज नाही. मग टेबलावर बोटं ऐकू आली, आधी चाचपडत, मग बरोबर. मामी काहीतरी म्हणाली, त्याने तिला थांब म्हटलं.

"जड आहे जरा," मामा म्हणाला. "पण कीथला सोडत नाही." थोडं थांबला. "परत लाव."